आधी गेज तपासा

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने टीव्हीखाली पडून होती. आज काढली, कारण आज जे झालं ते सगळंच्या सगळं घरात बोलता येण्यासारखं नाही.

चाकणला आमच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात. सव्वीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. माल गेटबाहेर पडण्याआधीची शेवटची सही माझी असते. आज साहेबांनी आम्हा पाचही इन्स्पेक्टरना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला संशय आला. तपासणी यापुढे कॅमेरा करणार. आम्हाला ऑनलाइन परीक्षा आहे, शंभर प्रश्न, दोन तास. साठ गुण मिळाले तर ऑडिटर म्हणून चाकणलाच राहायचं, नाही मिळाले तर जानेवारीपासून गुजरातचा प्लांट. पुन्हा संधी नाही.

परीक्षा बाहेरची एजन्सी घेणार. आपापल्या घरून, बंद खोलीत एकट्याने, कॅमेरा चालू ठेवून. मध्ये दोन मिनिटं नेट गेलं की पेपर तिथेच बंद होतो आणि तोवरची उत्तरंच धरतात. ज्या लॅपटॉपची नोंद करू त्याच लॅपटॉपवर बसायचं. तारीख बावीस, शनिवार, सकाळी दहा.

पंचशीलाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्हाला काय अवघड हाय त्यात? सव्वीस वर्षं तेच करायलाव की." अभ्यासाची मलाही भीती नाही. पण दिघीतलं हे घर, तिची अंगणवाडी, दिव्याचं सगळं व्हायचं बाकी. पोरगी इंजिनिअर होऊन दीड वर्ष झालं, अजून नोकरीचा पत्ता नाही. पन्नाशीनंतर परक्या गावी एकट्याने खोली करून राहायचं, याची मात्र भीती वाटते. हे फक्त इथे लिहितो.

लॅपटॉपची नोंद करून टाकली. २०१२ साली वर्षभरात माझ्या हाताखालून गेलेल्या मालाची एकही तक्रार आली नाही म्हणून कंपनीने स्टेजवर बोलावून दिलेला लॅपटॉप आहे. दर रविवारी मी तो पुसतो. या दिवाळीआधी आतली डिस्क नवी टाकली, मेमरी वाढवली. बाजारातल्या नव्याला लाजवेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

एजन्सी रोज संध्याकाळी सातला सराव परीक्षा घेते. आज पहिली. चौथ्या मिनिटाला माझा चेहरा स्क्रीनवर तोंड वासून थिजला आणि 'संपर्क तुटला' असं आलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वेग मोजला. आपण शंभरचं कनेक्शन घेतलंय, मिळतात चार!

नवनाथला बोलावलं. गावठाणातला माणूस, आधी केबल टीव्हीचं काम करायचा, आता आमच्या सगळ्या बिल्डिंगचं नेट त्याच्याकडे. आला, दाराजवळच्या वायफायच्या डबीखाली उभा राहिला, स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला आणि मला दाखवला. चौऱ्याण्णव.

"लाइन एक नंबर हाय काका," तो म्हणाला. "तुमचं मशीनच जुनं झालंय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "डिस्क नवी आहे, मेमरी डबल आहे. मशीन जुनं कसं?" तो म्हणाला, "त्याचा न्हाई काका वायफायशी संबंध. आतलं वायफायचं कार्ड..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. दिवसभर कॅमेऱ्याच्या तोऱ्यात फिरणारी माणसं बघून आलो होतो, घरीही तेच ऐकायची तयारी नव्हती. त्याने बरा मोबाइल घेऊन बऱ्या जागी उभं राहून मोजलं, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं शांत ठेवून कंपनीच्या पद्धतीने काम सुरू केलं. लाइनवर दोष आला की आम्ही कागदाचे चार भाग करतो : माणूस, मशीन, माल, पद्धत. एकेक तपासायचं आणि 'का' विचारत खाली जायचं. नव्या पोरांना ही पद्धत मीच शिकवतो. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतो : आधी गेज तपासा, मग माणसाला बोला. मोजायचं साधनच चुकीचं असेल तर चांगला पार्टही वाईट दिसतो.

तर कागद केला. मशीन : ठीक, तपासण्याची गरज नाही. माल, म्हणजे नेट : नवनाथवर संशय. पद्धत : ठीक. माणूस : पंचशीला (मालिका बघते), दिव्या (दिवसभर मोबाइल आणि तिचा नवा लॅपटॉप), वरच्या मजल्यावरचे उद्धवराव (संशयित).

आजपासून सात ते नऊ घरात कुणीही नेट वापरायचं नाही असा नियम केला. पंचशीलाने टीव्ही बंद केला. दिव्या म्हणाली, "पप्पा, मला नेमकं सातनंतरच लागतं. दिवसा त्या कंपन्यांचे लोक कामात असतात." मी म्हटलं, "पंधरा दिवस मैत्रिणींशी नाही बोललीस तर बिघडत नाही." तिने मोबाइल बंद करून माझ्यासमोर ठेवला.

मोजलं. चार.

९ नोव्हेंबर, रविवार

चोर सापडला असं वाटतंय. दिव्याच्या मोबाइलवर सहज नजर गेली तर आपल्या वायफायची दोन नावं! एक आपलं नेहमीचं आणि दुसरं तेच, पण पुढे '5G' लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपवर दुसरं नावच दिसत नाही. वर-खाली दहा वेळा शोधलं. म्हणजे माझ्या डबीतून नवनाथने दुसरी लाइन काढून कुणाला तरी दिली आहे आणि ती माझ्या नजरेला पडू नये अशी सोय केली आहे.

दिव्या म्हणाली, "पप्पा, तसं नसतं. दोन्ही आपलंच आहे, तुमच्या लॅपटॉपला ते दिसत नाही एवढंच." मी म्हटलं, "आपलंच असेल तर मला का दिसत नाही?" तिने आईकडे पाहिलं. पंचशीलाने मान हलवून तिला गप्प केलं. या दोघींचं काय चाललेलं असतं मला कळत नाही.

तसाच उद्धवरावांकडे गेलो. साताऱ्याकडचा माणूस, रोज सकाळी आम्ही मिळून फिरायला जातो. सरळच विचारलं. ते हातातला पेपर खाली ठेवून म्हणाले, "राव, माझं स्वतःचं कनेक्शन आहे. तुमचं चोरायला मला काय धाड भरलीय?" शब्दाला शब्द वाढला. जिन्यात माणसं जमली. शेवटी ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही तुमच्या वाटेने फिरा, मी माझ्या." चालेल म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवनाथला बोलावून ते दुसरं नाव बंद करायला लावलं. तो हात जोडायचा बाकी होता. "काका, ते नका बंद करू. सगळे तुमच्या एकाच रस्त्यावर येतील. पोरीचं मशीन बी अडकंल." मी म्हटलं, "अडकू दे. बंद कर." त्याने केलं.

संध्याकाळी मोजलं. पाच! चाराचे पाच झाले. दिशा बरोबर आहे. कागदावर लाल पेनाने 'सुधारणा' असं लिहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सराव अकरा मिनिटं चालला, मग तुटला. बाकीच्या चौघांचे सराव पूर्ण होतायत. कॅन्टीनमध्ये ते गुणांबद्दल बोलतात आणि मी ताटात बघतो.

घरातही काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी दिव्याने इस्त्रीचा निळा ड्रेस घातला होता, केस बांधले होते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही पप्पा, तुम्ही सराव करा." आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी हॉलमध्ये बसलो होतो. आतून तिचा आवाज यायचा, थांबायचा. "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो?" असं तीन-चारदा कानावर आलं. सात ते नऊचा नियम मोडून ही फोनवर बोलते म्हणून मी बाहेरून दार वाजवलं. म्हटलं, "दिव्या, नेट बंद कर! माझं तुटतंय!"

पाच मिनिटांनी ती बाहेर आली, तोंड धुतलं आणि जेवायला बसली नाही. पंचशीलाने ताट माझ्यासमोर आदळलं. माझी नोकरी जायची वेळ आली आहे आणि यांना रुसवेफुगवे सुचतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी कंपनीत नव्या कॅमेऱ्याने चांगला माल बाद करायला सुरुवात केली. तासाभरात दोनशे पार्ट लाल पेटीत. कॅमेऱ्याचा इंजिनिअर समर्थ, वय पंचवीस असेल, ऑपरेटरवर ओरडत होता. ऑपरेटर बिचारा खाली मान घालून उभा. मी पुढे झालो आणि विचारलं, "समर्थ, सकाळी मास्टर पीस दाखवलास का कॅमेऱ्याला?" मास्टर पीस म्हणजे अचूक मापाचा नमुना, त्यावर रोज साधन तपासून घ्यायचं असतं. त्याने दाखवला नव्हता. दाखवला, तर कॅमेऱ्याने मास्टर पीसच बाद केला! काचेवर तेलाचा पुसट डाग होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी गेज तपासा, मग माणसाला बोला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारभर छाती फुगवून फिरलो.

कंपनीच्या बसमध्ये भोसरीच्या सिग्नलला डोळा लागत होता, तेवढ्यात ते डोक्यात आलं. मी पंधरा दिवस वेग मोजतोय. कशाने मोजतोय? माझ्या लॅपटॉपने. तो कशावर तपासला? कशावरच नाही. कागदावर 'तपासण्याची गरज नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

घरी आलो, बूटही काढले नाहीत. दिव्याला म्हटलं, "तुझा लॅपटॉप आण." आतल्या खोलीत एकाच टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. आधी फक्त माझा चालू : पाच. मग माझा बंद, फक्त तिचा : अडतीस. मग माझ्यावर सरावाचा व्हिडिओ चालू ठेवून तिचा पुन्हा मोजला : सहा. तीनदा करून पाहिलं. सहा, सात, सहा.

माझं नेट कुणी खात नव्हतं. माझंच मशीन पोरीचं नेट खात होतं.

मी विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळी काय होतं?"

ती लॅपटॉप मिटायला लागली. पंचशीला दारात उभी होती, तिचा बांध फुटला. "इंटरव्ह्यू होता तिचा. शेवटचा. खराडीची कंपनी. तीन महिन्यांपासून एकेक पायरी चढायली पोरगी, अन् शेवटच्या पायरीला तुम्ही दार बडवायलाव!"

दिव्या म्हणाली, "आई, जाऊ दे. पप्पांना टेन्शन होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीनदा अडकलं. चौथ्यांदा त्यांनी जोडलं नाही. कळवतो म्हणाले."

मला रडू आलं. पोरीसमोर आलं, काय करू. लाइनवर मी एखादा पार्ट असा न तपासता बाद केला असता तर स्वतःच राजीनामा दिला असता. ती उठून पाणी घेऊन आली, मलाच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. नवनाथ सकाळीच आला. या वेळी मी स्टुलावर बसलो आणि तो बोलला.

"काका, ह्या डबीतून दोन रस्ते निघत्यात. एक जुना. लांब जातो, भिंतीतनं बी जातो, पण सगळ्या बिल्डिंगची वायफाय त्याच्यावरच, लई गर्दी. दुसरा नवा. रुंद हाय, मोकळा हाय, पण दोन भिंती झाल्या की दमतो. तुमच्या मशीनमधलं कार्ड जुनं, त्याला नवा रस्ता दिसतच न्हाई. डिस्क बदलली, मेमरी बदलली, पण कार्ड तेच ऱ्हायलं. त्याला अँटेना बी एकच."

"आणि दिव्याचं का अडकलं?" मी विचारलं.

"तळेगाव-चाकण रोडला म्होरं लोडचा ट्रेलर असला की मागची नवी गाडी काय करंल? त्याच्याच चालीनं जायची. तुमचं मशीन हळू बोलतं, ते बोलून हुईस्तवर बाकीच्यांनी थांबायचं. वर तुमी नवा रस्ताच बंद करायला लावला."

मी विचारलं, आता काय? परीक्षा तीन दिवसांवर, नोंदणी याच लॅपटॉपची. त्याने पिशवीतून पिवळी वायर काढली. एक टोक डबीत, दुसरं माझ्या लॅपटॉपच्या कडेच्या भोकात. मोजलं. ब्याण्णव!

"वायर लावली की वायफायचं कार्ड मधी येतच न्हाई," तो म्हणाला. "तुमी वायरवर गेला की पोरीचा रस्ता बी मोकळा." दुसरं नावही त्याने चालू करून दिलं. मी त्याला म्हटलं, "नवनाथ, चुकलं माझं." तो हसला. "काका, रोज एक जण शिव्या घालतो. तुमी माफी मागणारे पहिलेच."

उद्धवरावांकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. मी कागदच पुढे केला, त्यावर त्यांच्या नावापुढचं 'संशयित' मी खोडलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचला. "संशयित!" म्हणाले आणि इतके हसले की ठसका लागला. उद्या सकाळी सहाला फिरायला जायचं ठरलंय.

दिव्याकडून त्या कंपनीला मेल लिहून घेतला. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, नेट घरच्या चुकीमुळे गेलं असं स्पष्ट लिही, चूक वडिलांची होती असंही लिही. तिने दुसरं वाक्य काही लिहिलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उत्तर आलं! त्यांनी पुन्हा वेळ दिली. शनिवारी सकाळी अकरा. घरात आनंद झाला आणि मग तिघांच्याही लक्षात आलं की त्याच वेळी माझी परीक्षा आहे. दिव्या म्हणाली, "मी मैत्रिणीकडे जाते." मी म्हटलं, अजिबात नाही, घरूनच द्यायचा. मी हॉलमध्ये माझ्या लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवून वायरवर, ती आत वायफायवर. पंचशीला आणि उद्धवराव बाहेर जिन्यात बसणार, कुणाला बेल वाजवू देणार नाहीत. संध्याकाळचा सराव पूर्ण दोन तास चालला. अठ्ठ्याहत्तर गुण.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दहाला पेपर सुरू झाला. सोपा होता. खोटं कशाला लिहू, मजा येत होती. अकरा वाजता आतून तिचा आवाज आला, "गुड मॉर्निंग सर." स्वच्छ, न अडखळता. मी पुढे लिहीत राहिलो. प्रश्नामागे एक मिनिट, कधी त्याहून थोडं जास्त. ती एकदा हसली सुद्धा.

अकरा पंचविसाला मी एकाहत्तरावा प्रश्न संपवला आणि आतला आवाज थांबला.

वाट पाहिली. अर्धं मिनिट. एक मिनिट. काही नाही. त्या शुक्रवारी असाच थांबायचा. कानात माझाच आवाज ऐकू यायला लागला, "दिव्या, नेट बंद कर! माझं तुटतंय!" वायरवर असल्यावर तिचा रस्ता मोकळा असतो हे नवनाथने सांगितलं होतं, मला ते पाठ होतं. पण त्या क्षणी ते खरं वाटेना. डबी तर एकच आहे. मी इथे बसून पुन्हा पोरीचं खातोय, एवढंच डोक्यात होतं.

मी वायर काढली.

स्क्रीनवर मोठे आकडे आले, एकशे वीस, एकशे एकोणीस. वायर हातात धरून बसलो. नव्वदपर्यंत आतून काही नाही. साठ. घामाने वायर निसटायला लागली. पंचवीस राहिले तेव्हा वाटलं, लावून टाकावी. स्वतःलाच म्हटलं, भीमराज, गुजरात. आत अजून शांतता. लावली नाही. शून्य झालं आणि पेपर बंद झाला.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी आतून आवाज आला, "येस सर, सोडवलं. स्क्रीन शेअर करते."

तिला गणित दिलं होतं. ती गप्प बसून सोडवत होती.

बारा वाजता ती धावत बाहेर आली. "पप्पा, एकदाही अडकलं नाही! तुमचं?" मी म्हटलं, "झालं." वायर तोवर पुन्हा जागेवर लावली होती.

१ डिसेंबर, सोमवार

अठ्ठावन्न. एकाहत्तरातले अठ्ठावन्न बरोबर. साहेबांनी पत्र हातात दिलं, पाच जानेवारीला गुजरातला हजर व्हायचं. समर्थ माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. पेपर मध्येच का बंद पडला, याचं कारण लिहून द्यायला एक फॉर्म होता. सव्वीस वर्षांत मी एकही खोटा रिपोर्ट लिहिलेला नाही. आज लिहिला : मशीन जुने असल्यामुळे संपर्क तुटला.

घरी आलो तर दारातच पेढा. दिव्याची निवड झाली, दुपारी मेल आला. पंचशीलाने माझा चेहरा बघितला, पत्र हातातून घेतलं, वाचलं आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. दोन प्रश्न कमी पडले, आणि एकोणतीस मी उघडलेही नव्हते.

दिव्या माझ्याशेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. "पप्पा, नेट गेलं होतं ना? त्या वायरवर पण?"

मी मान डोलावली.

"तरी नवनाथकाका पहिल्या दिवसापासून सांगत होते," ती म्हणाली, "तुमचं मशीन जुनं झालंय म्हणून. तुम्ही ऐकलं नाही."

"हो," मी म्हटलं. "मशीनच जुनं गं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, पहिला पगार झाला की तुम्हाला नवा घेऊन देते, तिकडे जाताना न्या. मी घेईन म्हटलं. ही डायरी मात्र बरोबर नेली पाहिजे, इथे टीव्हीखाली ठेवून चालणार नाही.